ट्रॅकिओस्टॉमीला (गळ्याला भोक पाडून बसवलेली श्वासाची नळी) बूच लावलं की बाबा घाबरतात. घरी सवय कशी लावायची?

मृणाल_धायरी | १२ एप्रिल २०२५, रात्री ११:४०

इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबा, वय ६४, एसटीत कंडक्टर होते. जानेवारीत आमच्या पट्ट्यात (सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी) जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडतात तो आजार) साथ आली ती आठवत असेल, बाबा त्यातलेच. आधी दोन दिवस जुलाब. आठवड्याभराने पायांत मुंग्या. दुसऱ्या दिवशी जिना चढता येईना, चौथ्या दिवशी घास गिळता येईना आणि त्याच रात्री व्हेंटिलेटर. पाच दिवस आयव्हीआयजी (शिरेतून देतात ते अँटिबॉडीजचं औषध) दिलं. अकराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, तोंडातली नळी आता जास्त दिवस ठेवण्यात अर्थ नाही, गळ्यातून करू. संमतीपत्रावर मी केलेली सही बँकेत दाखवली असती तर परत पाठवली असती, इतका हात थरथरत होता.

एकूण ४१ दिवस आयसीयू, मग दोन आठवडे वॉर्ड. २० मार्चला घरी आणलं. आता श्वास त्यांचा स्वतःचा आहे, ऑक्सिजन लागत नाही. हात खांद्यापर्यंत उचलतात, धरलं तर चार पावलं टाकतात. नाकातली रायल्स ट्यूब (पोटात अन्न सोडायची नळी) मागच्या आठवड्यात निघाली. गळ्यातली नळी तेवढी राहिलीय. डॉक्टरांनी सांगितलंय की नळीच्या तोंडाला बूच लावायची सवय करा, दहा मिनिटांपासून सुरुवात करून वाढवत न्या. एक-दोन दिवस सलग निभावलं की काढून टाकू.

इथेच गाडं अडलंय. बूच लावलं की दोन मिनिटांत बाबांचे डोळे मोठे होतात, कपाळावर घाम येतो आणि ते चमच्याने पलंगाच्या दांड्यावर एकदा ठोकतात. ही आमची खूण आहे. एक ठोका म्हणजे थांब, दोन ठोके म्हणजे चालू दे. सिंगल बेल, डबल बेल. शिकवावी लागली नाही.

ऑक्सिमीटर तेव्हाही ९७ दाखवतो. त्यामुळे सगळे म्हणतात भीती मनाची आहे. दादा म्हणतो लाड पुरे, सक्ती करा. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी ही भीती कशी घालवली?

निवांत_पाटील | १२ एप्रिल, ११:५२

बाप रे, किती सोसलंय तुम्ही. अनुभव नाही, त्यामुळे सल्ला नाही. बाबांना लवकर आराम पडो. डबल बेल मात्र भारी.

कोथिंबीरवडी | १३ एप्रिल, सकाळी ७:१५

माझ्या सासूबाईंना २०१९ मध्ये पॅरालिसिसचा झटका आल्यावर ट्रॅक केली होती. बूच लावताना त्याही असंच करायच्या. आम्हाला उपयोग झाला तो एवढाच: आडवं असताना लावायचं नाही, पाठीला लोड देऊन ताठ बसवायचं. आणि जेवणानंतर लगेच नाही. संध्याकाळी त्यांची मालिका सुरू झाली की मी गुपचूप बूच लावायचे. पहिल्या जाहिरातीपर्यंत, मग दुसऱ्या जाहिरातीपर्यंत. घड्याळ दाखवलं की घाबरायच्या, जाहिराती मोजल्या की नाही. चौथ्या दिवशी अख्खा भाग झाला.

आणि आरसा द्या हातात. गळ्यापाशी कोण काय करतंय हे त्यांना दिसतच नसतं हो.

ॐकार_साधक | १३ एप्रिल, ८:०२

सगळा मनाचा खेळ आहे. रोज सकाळी ११ वेळा ॐकार म्हणायला सांगा, स्वरयंत्राची शक्ती वाढते. नळीत दोन थेंब कोमट साजूक तूप सोडलं तर कफ सुटतो, आमच्याकडे एका वैद्यांनी सांगितलं होतं.

खवट | १३ एप्रिल, ८:०९

साधक, ॐकार म्हणायला स्वरयंत्रातून हवा जावी लागते. नळी त्याच्या खाली बसवलेली असते. हवा वर पोचतच नाही, तर शक्ती कशाची वाढणार? बाबांना मनातल्या मनात म्हणू द्या, त्याला हरकत नाही.

आणि तूप फुफ्फुसात?? संपादक, ती ओळ उडवा.

संपादक | १३ एप्रिल, ८:३१

ओळ ठेवतोय, नाहीतर पुढचे प्रतिसाद कळणार नाहीत. पण ठळक सांगतो: डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नळीत काहीही टाकू नका. तूप, मध, तेल, हळदीचं पाणी, काहीही नाही.

कान_नाक_घसा | १३ एप्रिल, दुपारी २:२०

मृणाल, तुमचे डॉक्टर बाबांना बघताहेत, मी नाही. तेव्हा हे निदान समजू नका. पण भीती घालवायच्या मागे लागण्याआधी मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. नळी कुठल्या नंबरची आहे? तिला फुगा (नळीभोवतीची फट बंद करायला फुगवतात तो) आहे का? आणि घरी आल्यापासून दुर्बीण घालून श्वासनलिका बघितली आहे का?

का विचारतोय ते सांगतो. ८ नंबरची नळी म्हणजे आतून ८ मिलिमीटर. बाहेरून ती ११ मिलिमीटरच्या आसपास भरते. मोठ्या माणसाची श्वासनलिका आतून साधारण १५ ते २० मिलिमीटर. बूच लावलं की नळीतला रस्ता बंद झाला. आता सगळी हवा नळी आणि श्वासनलिकेची भिंत यांच्या मधल्या फटीतून वर-खाली करायची. फुगा रिकामा केला तरी त्याचं प्लास्टिक चुरगळून त्याच फटीत बसलेलं असतं. वर कुठे मांस वाढलेलं असेल तर आणखी अडचण. उसाच्या रसाच्या स्ट्रॉतून श्वास घेऊन बघा, दोन मिनिटं. तुम्हीही चमचा आपटाल.

ऑक्सिमीटरच्या ९७ वर जाऊ नका. तो रक्तातला ऑक्सिजन सांगतो, त्यासाठी माणूस किती राबतोय ते सांगत नाही. दमून कोसळायच्या बेताला आलेल्या माणसाचाही आकडा बराच वेळ चांगला राहतो. शिवाय जीबीएसमध्ये श्वासाचे स्नायू अजून पूर्ण ताकदीचे झालेले नसतात.

वाचणाऱ्या सर्वांसाठी: फुगा फुगलेला असताना बूच किंवा बोलायचा व्हॉल्व्ह कधीच लावायचा नाही. बूच लावलं तर श्वास दोन्हीकडून बंद. व्हॉल्व्ह लावला तर हवा आत जाते, बाहेर यायला वाट राहत नाही. याने माणसं गेलेली आहेत.

मृणाल_धायरी | १३ एप्रिल, ३:०५

डिस्चार्ज कार्ड काढून बघितलं. पोर्टेक्स, ८ नंबर, फुग्याची. फुगा वॉर्डातच रिकामा केला होता, अजून तसाच आहे, आत्ता पुन्हा सिरिंज लावून तपासला. दुर्बीण नाही झाली. कोणी म्हणालंही नाही, मलाही विचारायचं सुचलं नाही.

मंगळवारची वेळ घेतली आहे. तोपर्यंत बूच बंद.

भूलथापा | १३ एप्रिल, रात्री ९:४४

(नावावर जाऊ नका, पेशाने भूलतज्ज्ञ आहे.)

अवांतर, पण धाग्याला धरून. आयसीयू नावाची गोष्टच गळ्यातल्या या भोकातून जन्माला आली. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ होती. ज्यांचं गिळणं आणि श्वास दोन्ही गेलेत अशा दहांपैकी आठ-नऊ रुग्ण दगावत होते. लोखंडी पेटीसारखी श्वसनयंत्रं होती, पण शहरातल्या त्या रुग्णालयात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि ज्यांच्या घशात थुंकी साठते त्यांना त्यांचा उपयोग बेताचाच. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावलं. २७ ऑगस्टला त्याने १२ वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यात ट्रॅकिओस्टॉमी करवून घेतली, फुग्याची नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी जगली.

मग प्रश्न आला की इतक्या पिशव्या दाबणार कोण? मेडिकलचे आणि डेंटलचे सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून बसले. एकेक रुग्ण, एकेक विद्यार्थी, तासन् तास, हाताने. मृत्यू निम्म्याच्याही खाली आले. पुढच्याच वर्षी इब्सेनने असे रुग्ण एकत्र ठेवायचा स्वतंत्र विभाग सुरू केला.

मला यात सगळ्यात जास्त काय आवडतं माहितेय? ते विद्यार्थी रुग्णाच्या चेहऱ्याकडे बघून पिशवी दाबत. आकडे दाखवणारं यंत्र उशाशी नव्हतंच. मृणालताईंच्या बाबांचा घाम हा त्या काळात 'मनाची भीती' ठरला नसता.

निवांत_पाटील | १३ एप्रिल, ९:५०

अशा अवांतरासाठीच इथे येतो.

आज्जी_ऑनलाइन | १४ एप्रिल, पहाटे ५:३०

अगं मृणाल, मी ७१ वर्षांची. यांची नळी मी एकटीने पाच महिने सांभाळली. सुरुवातीला सक्शनचं (नळीतला कफ ओढून काढायचं) मशीन सुरू केलं की माझेच पाय लटपटायचे. वॉर्डातल्या सिस्टरने एक युक्ती सांगितली होती ती तुला देते. सक्शनची बारीक नळी आत घालताना आपण आपला श्वास धरायचा. आपल्याला सोडावासा वाटला की ती सक्शनची नळीही बाहेर काढायची. दहा-पंधरा सेकंदांच्या वर जात नाही मग.

नाकाचं काम आता नळीला करता येत नाही, हवा गाळणं, ओली करणं. कोरड्या हवेने कफ वाळून नळीत खपली धरते, ते वाईट. मी जुन्या मलमलच्या धोतराचे दुहेरी चौकोन शिवले, वर नाडी. ओले करून घट्ट पिळायचे आणि नळीसमोर सैल बांधायचे. दिवसातून सात-आठ वेळा बदलायचे. शिवाय सलाइनचं नेब्युलायझेशन डॉक्टर सांगतील तसं.

एक मजा बघ. यांना फोडणीचा वास यायचा नाही, कारण हवा नाकातून जातच नव्हती, पण ठसका मात्र पहिल्यांदा त्यांनाच लागायचा. मी स्वयंपाकघरात मिरची टाकली की आतल्या खोलीतून गळ्यातून फस्स! वास नाही म्हणून जेवणाला चवही नाही, आणि पाच महिने मला ऐकून घ्यावं लागलं (म्हणजे वाचून घ्यावं लागलं, पाटीवर) की तुझ्या हाताची चव गेली.

आणि पोट साफ ठेव त्यांचं. घसा मिटून जोर काढता येत नाही ना. हे कुणी सांगत नाही, लाजतात.

खवट | १४ एप्रिल, ८:४०

आज्जींचा प्रतिसाद फ्रेम करून आयसीयूच्या दारावर लावावा. शेवटच्या परिच्छेदासह.

गुरुवार_पेठ | १४ एप्रिल, ११:१०

सक्शन मशीन विजेवर आहे का? गुरुवारी दुपारी लाईट जाते तेव्हा काय करता? आमच्याकडे काकूंच्या वेळी पहिल्याच गुरुवारी गेली आणि नेमका तेव्हाच कफ. काका हाताने पंखा घालत होते, म्हणजे त्यांना काही तरी करायचं होतं म्हणून. शेवटी खालच्या दुकानदाराचा इन्व्हर्टर उचलून दुसऱ्या मजल्यावर आणला.

दुसऱ्या दिवशी पायाने दाबायचा सक्शन पंप आणला. सर्जिकलच्या दुकानात मिळतो, हवा भरायच्या पंपासारखाच दिसतो. घरात असलाच पाहिजे.

मृणाल_धायरी | १४ एप्रिल, ११:३२

आमचं मशीन बॅटरीचं आहे, भाड्याने घेतलंय, पण बॅटरी वीस मिनिटांत मान टाकते. पायाचा पंप आजच आणते. आज्जी, मलमल शोधतेय. आईची एक साडी सापडलीय, ती द्यायला तयार नाही. :)

जर्सीतला_सातारकर | १४ एप्रिल, सायं. ६:५५

पलंगावरच्या माणसाच्या बाजूने लिहितो.

एप्रिल २०२०, न्यू जर्सी, कोविड. १९ दिवस तोंडातली नळी, मग ट्रॅक, २६ दिवस ती. गुंगीच्या औषधांतून अर्धवट बाहेर येत होतो तेव्हा मला पक्कं माहीत होतं की मी सातारा स्टँडवर आहे. समोर पडदा होता तो फलाट. मॉनिटरची टिंगटिंग म्हणजे सुटणारी गाडी. आणि माझी बॅग कुणीतरी उचललीय. मी बॅग शोधायला उठायचो, म्हणजे नळ्या ओढायचो. म्हणून माझे हात पट्ट्यांनी पलंगाला बांधले. मला काय वाटलं? बॅगचोर म्हणून मलाच धरलंय! आणि ओरडून सांगता येईना, कारण आवाज नाही. आज हसतो, पण आजही कुणी मनगट धरलं की मला दरदरून घाम फुटतो. बायकोने लाडाने धरलं तरी.

याला डिलिरियम म्हणतात, आयसीयूत फार जणांना होतो. माणूस वेडा झालेला नसतो. घरी आल्यावरही झोप, विसरणं, स्वप्नं, दचकणं हे महिनोन् महिने चालतं. २०१० च्या सुमारास इथल्या अतिदक्षता डॉक्टरांनी या सगळ्याला मिळून नाव दिलं, पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम. त्यात घरच्यांना होणारा त्रासही धरतात. माझी बायको अजून मायक्रोवेव्हची शिट्टी होऊ देत नाही, शून्य व्हायच्या आधी दार उघडते.

तेव्हा दादांना सांगा, सक्ती करायची नाही. हात तर धरायचेच नाहीत. चमचा त्यांच्याच हातात राहू द्या.

मृणाल_धायरी | १५ एप्रिल, रात्री १:१०

सातारकर, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला.

आम्ही हात धरले होते. मागच्या रविवारी. दादाने उजवा, मी डावा, आई बूच धरून उभी होती. पाच मिनिटं. चमचा खाली पडला होता आणि बाबा बोटाने माझ्या तळहातावर एकेक ठोका देत होते. मला कळत होतं. मी तरी सोडलं नाही, कारण ९७ दिसत होतं.

पहिल्या पोस्टमध्ये हे लिहिलं नाही.

आज्जी_ऑनलाइन | १५ एप्रिल, ५:१२

अगं, मी यांना एकदा झोपेचं औषध दुप्पट दिलं होतं, मला झोप हवी होती म्हणून. चौदा वर्षांत पहिल्यांदा सांगतेय. नीज आता.

जर्सीतला_सातारकर | १५ एप्रिल, ६:०१

माझ्या हातांना पट्टे बांधायला संमती बायकोनेच दिली होती. नसती दिली तर मी नळी उपसून मेलो असतो. आमचा संसार चालू आहे. उद्या डॉक्टरांकडे जाऊन या.

काकांचा_पुतण्या | १५ एप्रिल, १०:३०

मला एक कळत नाही. माझ्या काकांच्या गळ्यालाही भोक होतं, तंबाखूचा कॅन्सर, टाटाला ऑपरेशन. ते तर गळ्याला मशीन लावून बोलायचे आणि भोक शेवटपर्यंत होतं. मग ह्यांचं कसं काय बुजवणार?

कान_नाक_घसा | १५ एप्रिल, १:१५

पुतण्या, दोन वेगळ्या गोष्टी. काकांचं स्वरयंत्रच काढलं असणार. त्यात श्वासनलिकेचं टोक कायमचं गळ्याच्या त्वचेला शिवतात, नाकातोंडाशी संबंध उरत नाही. त्या भोकाला बूच लावायचा प्रश्नच येत नाही, लावलंच तर जीव जाईल. इथे स्वरयंत्र जागेवर आहे, वरचा रस्ता शाबूत आहे, नळी काढली की भोक आपोआप बुजतं. बहुतेकांचं काही दिवसांत ते दोनेक आठवड्यांत, टाकाही लागत नाही.

निर्मोही_क | १५ एप्रिल, सायं. ७:४०

एवढे सगळे 'नळी कधी निघणार' म्हणताहेत म्हणून लिहितेय. आमच्याकडे ती कधीच निघाली नाही. धाकट्या भावाला मोटर न्यूरॉन डिसीज, हळूहळू सगळे स्नायू निकामी होत जातात तो आजार. नळीसह चार वर्षं घरी होता, व्हेंटिलेटर उशाशी. लोक भेटायला यायचे आणि दाराबाहेर म्हणायचे, यापेक्षा सुटला तर बरं. तो आत क्रिकेट बघत असायचा. मला ही नळी हार वाटत नाही, तिने आम्हाला चार वर्षं दिली.

मृणाल, तुमच्या बाबांचं वेगळं आहे, त्यांची निघेल. पण आवाज येईपर्यंत एकच बेल किती दिवस पुरणार? आम्ही पुठ्ठ्यावर बाराखडीचा तक्ता केला होता. इंग्रजी अक्षरांचे तयार तक्ते मिळतात, पण त्याला इंग्रजीतून चिडता यायचं नाही. आपली वर्णमाला त्यासाठीच केल्यासारखी आहे. मी विचारायचे, क-ओळ? च-ओळ? ट? त? प? त्याने डोळे मिटले की ओळ पक्की, मग पहिलं, दुसरं, तिसरं. ओठांवरून ओळखायला गेलात तर पाय, बाय, माय सगळं एकच दिसतं.

मात्रा आम्ही गाळायचो, वेळ वाचायला. एकदा त्याने प आणि ट सांगितलं. मी अर्धा तास पोट चोळतेय, हिंगाचं पाणी लावतेय, आणि तो डोळे गरागरा फिरवतोय. शेवटी मात्रांसकट विचारलं तेव्हा कळलं, पेटी. माझा मुलगा शेजारच्या खोलीत पेटी वाजवत होता. ती थांबवायची होती.

खवट | १५ एप्रिल, ७:५८

…आणि पोराने पेटी सोडली का?

निर्मोही_क | १५ एप्रिल, ८:०३

नाही हो. भाऊ गेल्यानंतर तीन महिने हात लावला नाही, मग पुन्हा सुरू केली. अजूनही वाईटच वाजवतो.

मृणाल_धायरी | २६ एप्रिल, रात्री १०:२०

उशीर झाला, माफ करा. लांबलचक लिहिते.

मंगळवारी दुर्बीण झाली. नळीच्या वर थोडंसं मांस वाढलंय, पण रस्ता अडेल इतकं नाही. खरी अडचण नळीच. डॉक्टरांनी ती काढून बिनफुग्याची लहान नंबरची घातली. बदलायला मिनिटसुद्धा लागलं नाही, बाबा खोकले आणि मला उभ्या उभ्या घेरी आली. तिथेच बूच लावलं. मी घड्याळाकडे बघत होते, बाबा माझ्याकडे. पाच मिनिटं. दहा. चमचा हातात. मग दोन ठोके. डबल बेल!

त्या दिवशी चाळीस मिनिटं झाली. आता सकाळपासून रात्री झोपेपर्यंत ठेवतात. डॉ. कान_नाक_घसा, माझे डॉक्टर वेगळे, पण तुमचे तीन प्रश्न मी चिठ्ठीवर लिहून नेले होते. ते हसले आणि म्हणाले, चांगलं विचारलंत.

आता आवाज. तीन महिन्यांनी ऐकला. बाबांचा भारदस्त आवाज, 'पुढे सरका, पुढे सरका' म्हणून अख्खी गाडी हलवणारा. निघाला तो चिमणीएवढा, घोगरा. काय बोलतील म्हणून आई पदर तोंडाला लावून उभी. म्हणाले, "मशीन बंद कर. डोकं उठलं."

सक्शनचं मशीन सुरूच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दादा आला. बाबांनी त्याला जवळ बसवलं आणि म्हणाले, "पेन्शनच्या कागदावर नॉमिनी तुझी आई आहे. घराला तुम्ही दोघं." दादा पांढरा पडला. फेब्रुवारीत आयसीयूत बाबांच्या पलंगाशी उभं राहून त्याने मला हळू आवाजात हेच विचारलं होतं. बाबा तेव्हा हलत नव्हते, डोळे अर्धे मिटलेले. सगळं ऐकत होते. सिस्टरांची नावं, कुणाचं लग्न ठरलं, कुणाची ड्यूटी कुणी चुकवली, सगळं माहीत आहे त्यांना. दादा काही बोलला नाही. त्या रात्री त्याने पहिल्यांदा सक्शन स्वतः केलं.

मी हात धरल्याबद्दल माफी मागितली. बाबा म्हणाले, कधी? मला खरंच कळलं नाही की ते विसरलेत की विसरल्याचं दाखवताहेत. कंडक्टर माणूस.

भूलथापा | २६ एप्रिल, १०:४१

सगळे ऐकत असतात. जीबीएसमध्ये तर हमखास, कारण गुंगी उतरली की मेंदू लख्ख असतो, फक्त पापणीही हलत नाही. पलंगाशी बोलताना लिफ्टमध्ये बोलतो तसं बोला, हे मी ज्युनिअरना रोज सांगतो.

सातारकरांच्या प्रतिसादाला जोड: डेन्मार्क, स्वीडनकडे नर्स रुग्णासाठी डायरी लिहितात. आज काय झालं, कोण भेटून गेलं, बाहेर पाऊस होता. घरी जाताना ती त्याला देतात, म्हणजे स्वप्नं कुठली आणि घडलेलं कुठलं ते जुळवता येतं. तुमच्या फोनमधले त्या दिवसांचे मेसेज आहेत ना? बाबांना सोसेल तेव्हा, त्यांनी मागितलं तर, वाचून दाखवा.

कोथिंबीरवडी | २७ एप्रिल, ७:२०

"मशीन बंद कर" वाचून रडले आणि हसले. आमच्या सासूबाईंचं पहिलं वाक्य होतं, "मालिका बदल."

ॐकार_साधक | २७ एप्रिल, ८:१०

आनंद झाला. आता आवाज आलाय तर ॐकार सुरू करायला हरकत नसावी?

खवट | २७ एप्रिल, ८:१२

आता नाही हरकत. तूप मात्र पोळीवर.

मृणाल_धायरी | ३ जून २०२५, दुपारी ४:१५

शेवटचं अपडेट. नळी निघून नऊ दिवस झाले. आधी दोन दिवस-रात्र बूच, मग वॉर्डात एक रात्र नजरेखाली ठेवून काढली. भोक आता हरभऱ्याएवढं आहे. बोलताना आणि खोकताना गॉजवर बोट दाबायचं असतं, बाबा विसरतात आणि गळ्यातून फुर्र करून हवा येते. शेजारचा चार वर्षांचा मुलगा मुद्दाम त्यांना हसवायला येतो.

पायांना वेळ लागेल. फिजिओथेरपिस्ट म्हणतात, आतपर्यंत दुखावलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. बाबांनी कंबरेपासून अंगठ्यापर्यंत टेप लावून हिशोब केला आणि डिसेंबर २०२७ ही तारीख कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवली. फिजिओंनी कपाळाला हात लावला, सगळ्या नसा तितक्या दुखावलेल्या नसतात, म्हणाले.

रात्री अजून उठून बसतात. 'गाडी कुठे आलीय' विचारतात. आई गावाचं नाव सांगते, जे सुचेल ते, आणि ते पुन्हा झोपतात.

नवीन_सदस्य_४४ | ३ जून, सायं. ६:३०

नमस्कार. आजच सदस्य झालो. माझ्या सासऱ्यांची काल ट्रॅकिओस्टॉमी झाली, अपघात, डोक्याला मार. अख्खा धागा वाचला. पुढच्या आठवड्यात वॉर्डात हलवतील म्हणतात. मृणालताई, सक्शन मशीन भाड्याचं होतं असं लिहिलंय, दुकानाचा नंबर मिळेल का?

मृणाल_धायरी | ३ जून, ६:४८

नंबर निरोपात पाठवलाय. मशीन मी कालच परत केलं, अजून दुकानातच असेल, निळ्या हँडलचं मागा, त्याची बॅटरी आम्ही नवी घातली आहे. पायाचा पंप माझ्याकडे आहे, तो न्या, पैसे नकोत. आज्जींच्या पद्धतीने शिवलेले मलमलचे बारा चौकोनही आहेत, धुऊन ठेवलेत. आईने शेवटी साडी दिली.

आणि घरी नेण्याआधी सिस्टरकडून दोन जादा नळ्या मागून घ्या. एक त्याच नंबरची, एक त्याहून लहान. पलंगाच्या उशाशीच टांगून ठेवा, कपाटात नको.

नवीन_सदस्य_४४ | ३ जून, ६:५५

रविवारी येऊ का? धायरीत नक्की कुठे?

मृणाल_धायरी | ३ जून, ६:५७

या. फाट्यावर उतरून फोन करा. बाबा रस्ता सांगतील, बोट दाबून.